उमरेडचा शंख

सक्करदरा, नागपूर
ता. ६ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. प्रेमिला हिस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझ्या कॉलेजचे प्राणिशास्त्राचे पेपर तपासायला बसण्याआधी हे वाच. आमच्या ताराचं, माझ्या धाकट्या नणंदेचं, लग्न एका शंखापाशी येऊन अडलं आहे.

स्थळ उमरेडचं. मुलगा विश्वनाथ वीज मंडळात आहे. एकाचं हसणं, दुसऱ्याच्या चपला अशी खोड काढणाऱ्या तारानं या वेळी मला फक्त एवढंच विचारलं, की उमरेडला वाचनालय आहे का. मी काय ते समजले.

बोलणी झाली तेव्हा मुलाच्या वडिलांनी, मारोतरावांनी, आपल्या देवघरातला शंख सासूबाईंच्या हातात ठेवला. दक्षिणावर्ती आहे, उजव्या तोंडाचा, होणाऱ्या सुनेसाठी आणला, म्हणाले. सासूबाई हरखल्या. ते परत गेल्यावर घोळ केला तो मीच. चित्रकोशातल्यासारखं टोक वर धरून पाहिलं, तर तोंड डावीकडे! बोलून गेले. सासूबाई पूजेत धरतात तसं टोक खाली धरतात, मग ते उजवीकडे येतं. आता आम्ही दोघी हटत नाही. त्यांचं म्हणणं, माझं खरं निघालं तर देवापुढे खोटं ठेवणारं घर आपल्या पोरीशी काय खरं वागणार? तारा जेवणात फक्त वरण कालवते आहे.

शंखाच्या खांद्यावर गाठी आहेत, अंगावर तपकिरी उभे पट्टे, आणि आकाराच्या मानानं हलका वाटतो. आठवतं, कॉन्व्हेंटच्या निसर्गपाठात सिस्टरनी आपल्याला शंख काढायला लावला होता? समुद्र दोघींनीही पाहिला नव्हता. तू पुढे रत्नागिरीला जाऊन समुद्राच्याच घरी नांदलीस, मी इथे तलावाकाठी राहिले. तेव्हा निवाडा तूच दे.

तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावलेली,
पुष्पाताई

रत्नागिरी
ता. १२ फेब्रुवारी १९७४

ती. पुष्पाताईस,

शि. सा. न. वि. वि. तू आणि तुझ्या सासूबाई, मावशी, दोघी बरोबर आहात, आणि दोघींनी उगीच भांडून घेतलं. आम्ही पुस्तकात शंख टोक वर धरून दाखवतो, पूजेत टोक खाली असतं. म्हणून आमचा डावा तो तुमचा दक्षिणावर्ती.

पण थांब. एवढ्यानं तो शंख ठरत नाही. गाठी आणि पट्टे वाचून मला शंका आली आहे. तोंडातून बोट आत घाल आणि मधल्या खांबावरून फिरव. खऱ्या शंखाला तिथे तीन-चार ठसठशीत वळ्या लागतात. खांब गुळगुळीत लागला, तर ती व्हेल्क नावाची समुद्री गोगलगाय. त्यातली एक जात जन्मतःच डावी असते, अमेरिकेच्या किनाऱ्यावर ढिगानं सापडते आणि आपल्याकडे दक्षिणावर्ती म्हणून खपते.

ताराला म्हणावं, वरणात थोडा भातही घाल. मावशींना नमस्कार. माझ्यावर रागावायचं असेल तर पुढच्या पत्रात रागाव, पण लिही.

तुझीच,
प्रेमिला

सक्करदरा, नागपूर
ता. १९ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. प्रेमिला हिस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र आलं तेव्हा बैठकीत मारोतराव बसले होते, तारीख ठरवायला आलेले. आणि तुला आमच्या घरची रीत ठाऊक आहे, आलेलं पत्र सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवायचं. ‘पण थांब’पाशी मला खोकला आला. सासूबाईंनी पाणी मागवलं, मी प्यायले, आणि त्यांनी काहून थांबली वं म्हणून पुढचं वाचायला लावलं. कॉन्व्हेंटनं मला इंग्रजी शिकवलं, पण वाचताना ओळ गाळायला शिकवलं नाही.

मग परीक्षा झाली. पहिलं बोट माझं, दुसरं ताराचं. तारानं इतका वेळ फिरवलं की जणू फिरवून फिरवून वळ्या पाडणार होती. शेवटी सासूबाईंचं. मागावर हयात गेलेलं बोट ते, लुगड्याच्या काठातला एक चुकला धागा त्याला कळतो. बोट बाहेर आलं आणि त्यांनी नुसती मान हलवली. गुळगुळीत.

मारोतरावांचा चेहरा पाहवेना. ते सांगू लागले, की रामेश्वरला एका बैराग्यानं दिला होता, बारा वर्षं रोज सकाळी त्याला गंध लावलं, घरातली सगळ्यात मोठी वस्तू म्हणून इथे आणला. फसलो मी, पण तुम्हाले फसवलं नाही, एवढं म्हणून त्यांनी शंख उपरण्यात गुंडाळला आणि उठले. 

इतके दिवस सासूबाई त्यांना ‘ते उमरेडवाले’ म्हणत. आज सासूबाईंनी त्यांच्या उपरण्याचं टोक धरलं. म्हणाल्या, “बारा वर्सं देवानं चालवून घेतला, त मी काहून नाही म्हणू? बसा जी, व्याही.”

व्याही बसले. तारा आत जाऊन एकदम भातावर तुटून पडली. लग्न वैशाखात आहे, तुला आठ दिवस आधी यायचं आहे.

शंखाचं विचारशील, तर तो आमच्या देवघरातून काचेच्या कपाटात गेला. सासूबाई शेजारच्या जनाबाईंना बोलावून दाखवतात, फॉरेनचा आहे म्हणून, आणि बोट आत घालायला लावतात.

तू दूर आहेस म्हणून माया कमी करू नकोस, इथून ती रोज तुझ्या वाटेला लागते.

तुझी,
पुष्पाताई