काकतीच्या डोंगरामागची वाट

रविवार, संध्याकाळ

काकतीच्या डोंगरामागची पायवाट आज आम्ही दोघींनी पहिल्यांदाच धरली, असं मी समजत होते. नव्या वाटा सायकलवर दोघींनी मिळूनच शोधायच्या, असं वैशालीनंच ऑफिसात ठरवलेलं. पण फाट्यावर ती थांबलीच नाही. ब्रेक न दाबता डावीकडे वळली. अनोळखी वाटेवर असं कोण वळतं?

वर शेळ्या राखणाऱ्या मावशी तिला म्हणाल्या, "गेल्या आयतवारी तुझ्यासंगं आलत्या त्या पोरी कुठं हाईत गं?"

गेल्या रविवारी तर हिची सासू आजारी होती. मी दवाखान्यात डबा घेऊन निघाले होते, वैशालीच नको म्हणाली. म्हणजे ते न थांबता वळणं...

"मला का न्हाय सांगितलंस?"

"तू लई हळू चालवतीस गं. त्यांना सारखं थांबायला लागलं असतं."

हळू चालवते, खरं आहे. पण त्यासाठी सासूला आजारी पाडायचं?

उतारावर मी सायकलवरून उतरले आणि ती हातात धरून चालत आले. वैशाली खाली उन्हात उभी राहून हाका मारत होती. मी मुद्दामच पाय भराभर उचलले नाहीत.