मुरमुऱ्याच्या गाडीचं माप

चूक माझी होती. ती चार लोकांसमोर तुम्ही आपल्या अंगावर घेतली, हे मले तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. मी काही तुमच्याकडं मागायले आली नव्हती. बाईचं काम बरोबर निघालं तर ते घरातल्या पुरुषाचं, हे मले माहीत होतं. पण माझी चूकसुद्धा माझ्याजवळ राहू दिली नाही तुम्ही.

मामाजी, तुमची सून पाया पडते. तुम्हाले जाऊन अठरा वर्षं झाली. चौथीपर्यंतचं माझं अक्षर, तुम्ही कोंबडीचे पाय म्हणायचे, तेच आहे. वाचून घ्या कोणाकडून.

पारशिवनीच्या धानवाल्याची पिकअप आठवते का? तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता आणि तुमचा लेक खदानीत ड्यूटीवर. कन्हानच्या रस्त्यावर आपलं गाड्यांच्या कमानी-पाट्याचं दुकान, पुढं ट्रकांची रांग, आणि हात चालणारं माणूस म्हणजे मी एकटी. सहा वर्षं घण मारला होता तुमच्यासमोर. पाटा तापवून वाकवणं, त्याले पाणी देणं, स्प्रिंगच्या कमानीत पाटे रचून यू-बोल्ट आवळणं, सगळं पाहून पाहून शिकली. तोंडानं तुम्ही एक अक्षर सांगितलं नाही. धानवाला म्हणे, गाडी पुढून नाक घासत चालते, लोक हसतात, सरळ करून द्या. मी दोरी लावली. पुढून चार बोटं खाली. पुढच्या कमानीत दोन्हीकडं एकेक पाटा वाढवला, दोन दिवस लागले. गाडी अशी सरळ उभी झाली की बोनेटवर पाण्याची वाटी ठेवली तर हलणार नाही. तुम्ही काठी टेकत आले, पुढच्या मडगार्डवरून हात फिरवला, मागच्या फळीवरून फिरवला, आणि म्हटलं, "बरं." मी त्या एका शब्दावर आठ दिवस तरंगत होती.

मग धान भरून गाडी गेली आणि तिसऱ्या दिवशी डायवर शिव्या देत परत आला. दुकानात पाय ठेवायच्या आधीच ओरडतो, "ओ बुढेबाबा, काय करून ठेवलं गा! माल भरला का पुढून आभाळाकडं पाहते गाडी. स्टेरिंग हातात फुलासारखं फिरते. बत्ती रस्त्यावर पडतच नाही, झाडावरचे घुबडं मोजत आलो मी!"

गाडी रिकामी असतानाच मी माप घेतलं होतं. मागच्या कमानी माल उचलायले बनवलेल्या असतात. माल नसला की मागून वर राहते, भरला की बसते आणि मग गाडी सरळ होते. एवढी गोष्ट मले समजली नव्हती. माझं तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही खाटेवरून म्हणाले, "माप माझं होतं. डोळे गेले माझे. चुकलो." समोरचा पानवालाही ऐकत होता. आणि मी भात्याजवळ उभी, राग एवढा की हातातली पकड फेकून मारावी वाटली.

पोते तर डायवर उतरवून आला होता. तुम्ही म्हणाले, मोहल्ल्यातल्या बाया बोलावा, पोत्यांच्या जागी बसवा. अकराजणी आल्या, हातातलं काम टाकून. ते हसणं मले आजही ऐकू येते. एक म्हणे, "मले मधात बसवा, मी दोन पोत्यांची आहे." दुसरी म्हणे, "हिच्या सासूले बसवा, एकटी पुरते, बाकीच्या घरी जातो." आत्याबाई खरंच मधोमध बसल्या, पाय पसरून, सुपारी कातरत. तुम्ही खालून ओरडता, "हसू नका वं, कमान हलून राहिली!" त्या आणखी हसतात. त्या भरल्या गाडीचं माप मी घेतलं, तुम्ही फक्त आकडा विचारत होते. वाढवलेले पाटे काढले, त्या जागी पातळ पट्टी टाकली. धानवाला वर्षानुवर्षं येत राहिला. पण "चुकलो" तुम्ही म्हटलं होतं, म्हणून ती गाडी शेवटपर्यंत बुढ्याच्या चुकीची गाडी राहिली. माझी झालीच नाही.

हे सगळं आज काहून काढून राहिली, ते सांगते.

दुकान अजून आहे. तुमचा लेक गेल्यावर मीच चालवलं. आता गुडघे गेले, बसून हुकूम सोडते. तुमचा नातू, माझा लेक, कचेरीत आहे, त्याले लोखंडाचा वास सहन होत नाही. म्हणे दुकान कॅसेटवाल्याले देऊन टाकू. पण त्याची बायको दोन वर्षांपासून स्वतःहून दुकानात येऊन राहिली आहे. मॅट्रिक आहे. ती आहे म्हणून दुकान आहे, हे मी तिले कधी सांगितलं नाही. आपल्या घरात तशी रीत नाही, तुम्हीच पाडली.

मागच्या हप्त्यात एक पिकअप आली, तीच तक्रार, पुढून खाली. आता पाटा तापवायची गरज नाही म्हणतात. बंबईहून खोका येतो: दोन लोखंडी ठोकळे, लांब यू-बोल्ट, आणि इंग्रजीत एक कागद. एक्सल आणि कमान यांच्या मधात ठोकळा घालायचा, पुढून गाडी उचलली जाते. सून कागद वाचत होती, पाना फिरवत होती. मी जेवून बाहेर आली आणि पाहिलं तर दुकानापुढं पोत्यांची ही उंच रास, घराएवढी, आणि ही बाई गाडी रिकामी करून माप घेऊन राहिली.

माझं पित्त खवळलं. मालक उभा, डायवर उभा, पानवाल्याचा लेक उभा. मी म्हटलं, "कोणत्या शाळेत शिकली वं तू? एवढे पोते दिसत नाहीत काय? भरून माप घे!"

ती म्हणाली, "आई, मुरमुरे आहेत त्यात."

"मुरमुरे असो का मुरूम! मले शिकवू नको. हात नको लावू आता गाडीले."

तिनं पाना खाली ठेवला. कसा ठेवला सांगू? आवाज न करता. घासलेटानं हात धुतले, पदर सोडला आणि आत गेली.

मी डायवरले सांगितलं, भर सगळे पोते. त्यानं भरले, दोर आवळला. मी स्वतः वाकून माप घेतलं, गुडघ्याले शिव्या देत. मागची कमान तांदळाच्या दाण्याएवढी बसली नव्हती. मालक हसला, म्हणे, "आजी, एक पोतं तुम्हीच उचलून पाहा न." मी उचललं. एका हातानं. साठी उलटलेल्या बाईनं.

ती गाडी जल्मभर मुरमुरेच वाहणार. रिकामीचं माप तेच तिचं माप. सुनेनं ठोकळे बसवले होते, ते तसेच राहू दिले. मालक म्हणाला, "बाईनं मले पहिलेच विचारलं होतं, गाडीत काय नेता म्हणून." मामाजी, हे मी इतक्या वर्षांत कोणाले विचारलं नाही. आली गाडी की भर पोते, बसव माणसं. तुमच्याकडून एक गोष्ट शिकली आणि तीच काठी करून सगळ्यांले हाणत राहिली.

आणि तेव्हा त्या चार लोकांसमोर माझ्या तोंडून काय निघालं? "तो पाना उचला कोणीतरी, पायात येते." बस. तुम्ही दुसऱ्याची चूक घेऊ शकले, मले माझी स्वतःची घेता आली नाही. तुमचा राग आला होता तो आता जरा वेगळ्या जागी दुखून राहिला.

चार दिवस सून दुकानात आली नाही. पोळ्या करते, पोराचा अभ्यास घेते, माझ्याशी गोड बोलते. गोड बोलणं तर फारच वाईट. नातू तुमचा खूश, कॅसेटवाल्याले निरोप धाडायले निघाला. काल मुरमुरेवाला आला. गाडी छान चालते म्हणे, भावाच्या दोन गाड्या आहेत, पण त्यांचे ठोकळे त्या बाईनंच बसवावे, आजीनं नाही. तोंडावर म्हणाला. मले आवडला माणूस.

आज सकाळी मी स्वयंपाकघरात गेली. ती तांदूळ निवडत होती. मी दारातूनच म्हटलं, "दोन गाड्या येऊन राहिल्या. माप तू घे."

ती वर पाहत नाही. "आणि तुम्ही?"

"मी खाटेवर बसते म्हणते. तू विचारलं तर बोलीन."

"न विचारता बोलल्या तर?"

"तर पाना फेकून मार."

ती हसली, मामाजी. सूप बाजूले ठेवलं आणि म्हणाली, "पहिले विचारून घेते त्यात काय भरतात ते." पदर खोचून गेली पण. आता मी लिहून राहिली, आणि बाहेर ती यू-बोल्ट मोजत आहे, गाड्या यायच्या आधीच. नवऱ्याले तिनं सांगितलं म्हणे, कॅसेटा ऐकायच्या असतील तर घरी ऐक.

पण "चुकली" हा शब्द मी म्हटला नाही. जिभेवर आला होता, दाताच्या मागं थांबला. तेवढं सांगायले हा कागद काढला. पाठवायचा कुठं, तो गल्ल्याच्या फळीखाली ठेवून देईन; सुनेच्या हाती लागला तर लागला.

याचं उत्तर तुम्ही देऊ नका. तुम्ही लिहिलं तर पुन्हा सगळं आपल्याच अंगावर घ्याल. आत्याबाईंनी द्यावं. त्यांले लिहिता येत नव्हतं, पण तिथं तुमच्याजवळ एवढी वर्षं बसून काय केलं? शिकल्या असतील.