तिजोरीत काय निघालं

१५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

आलं: पोलादपूरहून धाकटी बहीण प्रियदर्शिनी, नग एक. तिच्याबरोबर नाचणीचं पीठ दोन किलो (घरचं), सुकट पाव किलो (रु. ८०, तिने घेतले नाहीत). सिनेमाची तिकिटं दोन (रु. २४०, तिचेच). माझा खर्च: काही नाही.

सिनेमा जादूगार चोरांचा, भाग दुसरा, हिंदीत केलेला. पहिला भाग मी पाहिलेला नाही. गेले ती अभ्यासासाठी. ३० तारखेला विहारात महिला मंडळाची चिटणीस निवडायची आहे, त्याआधी माझं भाषण: सिनेमा आणि दुसरं शील. नऊ वर्षं मंडळाची वही मी लिहिते. यंदा चिटणीस मीच. प्रश्नच नाही.

चोरी करू नये हे दुसरं शील. चोरी बघून मजा वाटणं हेही त्यातच येतं, असं माझं मत. म्हणून पडद्यावर चोरी सुरू झाली की डोळे मिटले. सिनेमा सव्वादोन तास. चोऱ्या फार. प्रियदर्शिनी म्हणते, ताई, घोरत होतीस गो. ते दीर्घ श्वसन होतं.

शेवटी म्हातारी जादूगारीण तिजोरीला किल्ली लावते, तिथे डोळे मिटले. उघडले तर पडद्यावर नावं, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवताहेत. एसटी स्टँडवर प्रियदर्शिनी शेवट सांगायला लागली, मी थांबवलं. म्हटलं, तिजोरीत काय निघालं याच्याशी मला काही कर्तव्य नाही.

१६ नोव्हेंबर

कर्तव्य नाही. पण भाषणात शेवट यायला हवा. अर्ध्याच सिनेमाचा निषेध बरा दिसत नाही. प्रेक्षकांची मतं गोळा करायची, शेवट त्यातून आपोआप हाती येईल. दोन दिवसांचं काम.

१८ नोव्हेंबर

लेक समीक्षा मैत्रिणींबरोबर बघून आलेली. मत: पहिल्याची सर नाय, पण पत्त्यांचा सीन कडक. शेवटाचं विचारलं तर म्हणाली, आई, तू बघितलायस ना? म्हटलं, तुझी परीक्षा घेतेय. म्हणाली, स्पॉयलर देत नसतात. आईला देत नसतात हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?

१९ नोव्हेंबर

बाजारातून येताना धोंडूची रिक्षा. त्याने दोनदा पाहिला. म्हणाला, वैनी, पयल्या येळेला आर्धा कळला नाय म्हनून परत गेलो, आता पाऊन कळत नाय. मजा मात्र लय आली. आणि शेवट? दोन्ही येळेला तितंच फोन वाजला म्हणे, भाडं होतं कशेडीच्या अंगाला. मी उतरून चालत आले.

२१ नोव्हेंबर

समीक्षाच्या पप्पांना फोनवर लोकांची मतं वाचून दाखवायला सांगितलं. एकाने एकच तारा दिला, खुर्ची मोडकी होती म्हणून. एकाने पाच दिले, एसी गार होता म्हणून. एक बाई लिहितात, जादू कसली, सगळं कॉम्प्युटर. एक जण लिहितो: शेवट बघून रडलो.

रडलो? तिजोरी बघून कोण रडतं? परत वाचा म्हटलं. तिसऱ्यांदा वाचायला लावलं तेव्हा हे म्हणाले, तू जाऊन ये ना परत एकदा. माझ्या तत्त्वाची किंमत या घरात कुणाला नाही.

२४ नोव्हेंबर

प्रियदर्शिनीला फोन. निमित्त, पिठाचा डबा. डब्याविषयी बारा मिनिटं बोलले. शेवटी ती म्हणाली, आणि काय विचारायचंय का, ताई? नाही म्हटलं. मन किती ताब्यात आहे बघा.

२६ नोव्हेंबर

विहारात झाडलोट. चंपाबाई भेटल्या. त्यांनाही चिटणीस व्हायचंय, सहीपुरतं लिहितात. म्हणाल्या, सरिते, तू बगून आलीस ना, काय हाय गो त्यात? म्हटलं, रविवारी कळेल. बिचाऱ्या.

२८ नोव्हेंबर

भाषण तयार, आठ पानं. शेवट मीच लावला: तिजोरी रिकामी निघते, चोर पस्तावतात. हे खोटं नव्हे, अनुमान आहे. तसं नसेल तर तसं असायला हवं होतं.

३० नोव्हेंबर, रविवार

वंदना झाली. भाषण पाऊण तास. पत्ते कसे गायब होतात ते हात करून दाखवलं, भर सभेत घड्याळ कसं मारतात तेही. एकही बाई पेंगली नाही. पोरंसुद्धा गप्प. मग आवाज चढवून म्हटलं, त्या थेटरात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही, आणि असल्या सिनेमाचा शेवट जो दुसऱ्याला सांगेल तो त्या चोरीत भागीदार. टाळ्या.

चंपाबाई उठल्या. म्हणाल्या, बाई एवढं सांगतेय तर आपून डोल्यांनी बगूनच ठरवू. तीनचा खेळ हाय. कोण कोण येतंय?

तेवीस जणी. चंपाबाईंनी तिथेच पैसे जमवले, नावं समीक्षाकडून लिहून घेतली, धोंडूला फेऱ्या लावल्या, म्हाताऱ्यांना पुढे बसवलं. कुणीतरी म्हणालं, चिटणीस अशी पायजे. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला, त्यांना मोजणीत अडचण नको म्हणून.

मी विहारात चपला राखत बसले. कुणाच्याच नव्हत्या.

सहाला परतल्या. सगळ्यांचे डोळे लाल. चंपाबाईंनी माझा हात धरला, म्हणाल्या, बरं झालं गो, तू सांगितलंस. मी हळूच विचारलं, मग, तिजोरीत? त्यांनी कानाला हात लावला. म्हणाल्या, नको बाय, भागीदार व्हईन.

१ डिसेंबर

आंतरदेशीय पत्र एक. पोस्टकार्ड पोस्टमन वाचतो. मजकूर:

चि. प्रियदर्शिनीस, जय भीम. डबा पाठवते. मंडळाच्या वहीत नोंद करायची राहिली आहे, म्हणून विचारते: म्हातारीने किल्ली फिरवली, पुढे काय? लोक का रडले? फोन करू नकोस, फोन समीक्षा उचलते. दोन ओळी पुरेत, पण उलट टपाली कळव.