एका बैलाची मोट

१२ फेब्रुवारी १९३८, शनिवार.
जुंपलेला बैल सोडून घेऊन जा, असं कुंडलिकला स्पष्ट सांगितलं. जाताना म्हणाला, बघा हां मास्तर, मी पुन्यांदा येनार न्हाई. म्हटलं, गरजच नाही.
ठकुबाईचा एक बैल दिवाळीत मेला. तेव्हापासून तिची नि कुंडलिकची सावड. तिचा एक, त्याचा एक, पाळीपाळीनं दोघांच्या विहिरींवर. हे आता बंद. मोटेलाच दुसरं चाक लावायचं, दोराचं एक टोक वर बांधायचं. जोर निम्मा. म्हणजे बैल एक. पुस्तकात डायग्राम आहे.
तिचा गहू ओंबीत आला आहे. अजून दोन पाणी हवीत. तेवढ्यात सातवीचं गणित आणि शास्त्र दोन्ही उरकेल.

१४ फेब्रुवारी.
चाक भोरहून आणलं. मुलांनी विहिरीवरच हिशेब केला. उत्तर बरोबर.
ठकुबाई ऐकत होती. तिनं विचारलं, जोर निम्मा बैलाचा, मग ऱ्हायलेला निम्मा कोन वडनार? वरची तुळई, असं सांगितलं. ती बराच वेळ तुळईकडे बघत बसली. शिक्षण नसलं की असं होतं.

१६ फेब्रुवारी, सकाळी ८.
यश. एकटा बैल सहज चालतो.

८ वाजून १० मिनिटं.
बैलाची उतरती वाट, म्हणजे धाव, संपली. मोट विहिरीत अर्ध्यावर. पाणी विहिरीतच सांडलं.

११ वाजता.
दहा वेळा केलं. दहाही वेळा बरोबर अर्ध्यावर. इतकी अचूकता प्रयोगशाळेतही मिळत नाही. ठकुबाई म्हणाली, मास्तर, गहू वर हाय वो.

१७ फेब्रुवारी.
कारण सापडलं. जोर निम्मा, पण दोर दुप्पट ओढावा लागतो. पुस्तकात आहे. पुढच्या पानावर.
निष्कर्ष: आंबवड्यातल्या सगळ्या धावा आखूड आहेत.
निश्चय: धाव दुप्पट करायची. खणण्यातून घनफळ शिकवता येईल.

१९ फेब्रुवारी.
मुलं खणायला लावली. पाच हातांवर खडक. भिमाच्या बापाचा निरोप: पोरगा शिकाया धाडलाय, खनाया घरी रान हाय. वर्गात चार हजर.

२२ फेब्रुवारी.
चाक काढलं. मोट निम्मीच भरून एका बैलानं ओढायची. थिअरी साधी आहे. तीन वाफे भिजले. मग बैल बसला. ठकुबाईनं त्याच्या पाठीवर हात फिरवला. उठवला नाही.
गहू खालून पिवळा पडतोय. उन्हामुळे असावा.

२४ फेब्रुवारी.
कुंडलिककडे गेलो. सहज. त्यानं घोंगडी टाकली, गूळपाणी दिलं. म्हणाला, गेनबासंगं सावड झाली, शब्द दिलाय. गरज न्हाई, तुमीच म्हनला व्हता. त्याला दुप्पट दोराचं तत्त्व समजावलं. म्हणाला, व्हय, त्ये आमाला ठावं हाय. आधी का सांगितलं नाही, विचारलं. म्हणाला, तुमी शिकवीत व्हता.

२६ फेब्रुवारी, शनिवार.
रिपोर्ट लिहायला घेतला. ‘प्रयोगाचा निम्मा भाग यशस्वी.’
ठकुबाई शाळेच्या दारात आली. आत आली नाही. म्हणाली, सांगा मास्तर, आता पानी कसं काडू? चारही मुलं माझ्याकडे बघत होती. मी फळा पुसला. कोराच होता. सोमवारी सांगतो म्हटलं.

२७ फेब्रुवारी.
सकाळी ठकुबाईनं गहू कापून बैलाला घातला.