पेटीतले बारा तुकडे

जळगाव, ३ सप्टेंबर

ती. शालिग्राम नानांना सोनलचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं हो हो म्हणता आणि ऐकू काहीच येत नाही, म्हणून पत्र. एक अडचण आहे. साक्रीजवळच्या खोदकामातली हाडांची पेटी पावसाळ्यात तुमच्या खोलीत ठेवली होती, तिच्यातले बारा तुकडे प्रयोगशाळेत तपासले. नखाएवढा तुकडा नुसता बघून जनावर ओळखता येत नाही. पण हाडात प्रथिन टिकून राहतं, आणि ते जनावरागणिक थोडं वेगळं असतं. यंत्र ते वाचतं. नाना, बाराच्या बारा गाईबैलाचे निघाले! मी तर सगळ्यांसमोर सांगून बसले होते की तिथली प्राचीन माणसं शेळ्या पाळायची, कारण सोबतचे दात शेळीचे आहेत.

आमच्या खोदकामाच्या प्रमुख मॅडम म्हणतात, तूच नमुन्यांची सरमिसळ केली असशील. वीस तारखेपर्यंत उलगडा झाला नाही, तर काम दुसऱ्याकडे जाईल. तीन वर्षं घातलीत हो मी यात. पेटीला कुणी हात लावला होता का? रागावू नका. काकूंना नमस्कार. लोभ आहेच, उत्तराची तेवढी घाई करा.

तुमची सोनल

साक्री, ८ सप्टेंबर

चि. सोनलला अनेक आशीर्वाद.

बाई, चोर घरातच आहे. पेटी उघडून बघितली तर हाडांचा भुगा व्हायला लागलेला. चाळीस वर्षं सुतारकी केलेला माणूस मोडकं बघून गप्प बसेल का? सरस पातळ शिजवला, तुटलेले तुकडे सांधले, बाकीच्यांवर ब्रश फिरवला. म्हटलं, पोर खूश होईल. आणि सरस होतो गुरांच्या कातड्याचा! तुझं यंत्र माझा सरस वाचत बसलंय.

तुझी काकू म्हणते, हाई बठ्ठं तुमनंच करेल शे. खरंच आहे, हे सगळं माझंच केलेलं. करायला गेलो गणपती, झाला मारुती. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. सोबत सरसाची वडी पाठवतोय, तीही यंत्राला दाखव. सरस कोमट पाण्यात सुटतो, उकळतं घालू नकोस. मॅडमना वेगळी चिठ्ठी लिहिली आहे की चूक माझी, पोरीची नाही. यापुढे तुझ्या कामाला हात लावणार नाही. पण तू यायचं सोडू नकोस, एवढी माया ठेव.

तुझा नाना

जळगाव, २१ सप्टेंबर

ती. नानांना शि. सा. न. वि. वि.

वडी आणि तुकडे तंतोतंत जुळले! मग कोमट पाण्यात सरस सोडवला, वरचा थर टाकून दिला आणि आतलं हाड पुन्हा तपासलं. सात शेळ्या, दोन मेंढ्या, एक हरीण. दोन तुकड्यांनी दादच दिली नाही. काम माझ्याकडेच राहिलं.

खरं सांगते, तुमचं पत्र वाचून आधी रागच आला. मग रडू आलं, कारण पेटी देताना हात लावू नका एवढंही मी सांगितलं नव्हतं. मॅडमनी तुमची चिठ्ठी दोनदा वाचली. मग पेटीतली सांधलेली हाडं निरखून म्हणाल्या, यांचा एकही सांधा चुकलेला नाही. कुठला तुकडा कुठे बसतो हे आमच्यापैकी कुणालाच इतकं नेमकं कळलं नसतं.

डिसेंबरात पुन्हा खोदकाम आहे. मातीतून हाडं अलगद उचलायला जाणता हात लागतो. मॅडमनी माणसांची यादी मागितली, तेव्हा तुम्हाला न विचारताच तुमचं नाव लिहून दिलं. माझ्या नावाच्या वर.

असाच जीव लावा.

तुमची सोनल