बहरीनचा व्हिसा

२ मार्च १९९८

समुद्राकडची विहीरही गेली! पंपाचं पाणी टेरेन्सने ओंजळीत घेतलं, तोंडाला लावलं, आणि थुंकायच्या ऐवजी गिळलं. ‘जरासं मचूळ आहे, क्लोटी.’ जरासं! त्याच पाण्याचा चहा केला तर दूध फाटलं.

ओमानच्या या सहममध्ये जमीन ती किती — पुढे समुद्र, मागे काळे डोंगर, मध्ये एवढीशी पट्टी. सगळ्यांच्या बागा तिच्यावरच, सगळ्यांचे पंप चालूच. गोडं पाणी उपसत राहिलं की खालून समुद्र आत शिरतो. टेरेन्सला हे माझ्याहून जास्त कळतं. आमची लिनेट लहान होती तेव्हापासून अर्बाबची, म्हणजे मालकाची, ही बाग तोच बघतो. तरी रोज बुंध्याशी बसून माती बोटांनी चोळत राहतो. काय शोधतो देव जाणे.

१९ मार्च

लिंबं आधीच गेली होती, रोगाने. आता आंब्यांची पानं कडेने जळायला लागली. टेरेन्स जेवला नाही.

२७ मार्च, शुक्रवार

सोहारच्या चर्चमधून मिस्सा करून आलो तर अर्बाब दारात उभा. आत ये म्हटलं तर आला नाही. ‘टेरेन्स, पानी खलास, बाग भी खलास.’ जमीन गोडाऊनला द्यायची ठरवली आहे. वाईट माणूस नाही तो — बोलताना आमच्याकडे बघत नव्हता. दुसरं काम मिळेपर्यंत व्हिसा ठेवतो म्हणाला.

संध्याकाळी त्याच्या बायकोकडे गेले. जमिला बलुची, हिंदी माझ्यापेक्षा चांगलं बोलते. तिची धाकटी झाली तेव्हा मी तिच्या उशाशी होते. मला टायफॉइड झाला तेव्हा तिने मला चमच्याने भरवलं. आज माझा हात धरून बसली नुसती. ‘तू मेरी बहन है, क्लोटिल्डा.’ दोघी रडलो.

८ एप्रिल

वसईला दिराला फोन केला. क्लिफर्डने वाडी बिल्डरला दिली! आम्हाला न विचारता. घर पाडलंसुद्धा. ‘वहिनी, तुम्हाला फ्लॅट आहे ना, इमारत झाली की.’ कधी होणार? हसला. म्हणजे परत जायचं तर कुठे? लिनेट नर्सिंगच्या होस्टेलवर. आई-बापाला काय तिच्या खाटेवर झोपवणार ती?

टेरेन्सला सांगितलं. तो एवढंच — ‘फणस तोडला असेल?’

२४ एप्रिल

चर्चमधल्या एका ओळखीच्याने काम आणलं. बहरीनला, नवीन हॉटेलच्या बागेचा फोरमन. मला नंतर बोलावून घेता येईल म्हणतो. लिनेटचा शाळेतला नकाशा काढला. बहरीन सापडेना! सापडलं तेव्हा टेरेन्सने बोट ठेवलं, तर अख्खा देश बोटाखाली झाकला गेला. कितीतरी दिवसांनी हसलो.

१० मे

गेला. विमानतळावर नखांत माती होती त्याच्या.

२२ मे

फोन आला. आवाज उत्साही होता. बहरीन म्हणजे दोन समुद्र — एक वर खारा, एक जमिनीखाली गोडा. त्याच्याबरोबर तिथला एक म्हातारा माळी आहे, तो सांगतो. पूर्वी समुद्राच्या तळातून गोड्या पाण्याचे झरे फुटायचे. मोती काढणारे लोक चामड्याची पिशवी घेऊन बुडी मारायचे आणि खाऱ्या पाण्याच्या पोटातून गोडं पाणी भरून आणायचे! बेटाच्या उत्तरेला खजुराची नुसती जंगलं होती म्हणे. टेरेन्स लहान मुलासारखा सांगत होता.

‘मग आता त्या पाण्यावरच बाग करता?’

‘आता नाहीत गं झरे. आटले.’

कार्ड संपलं.

१४ जून

मी इथे एकटी. बागेला पाणी घालणं बंद झालं. सवयीने सकाळी उठते, पंपापर्यंत जाते, परत येते.

टेरेन्सचं हॉटेल समुद्रात भराव टाकून केलेल्या जागेवर आहे. खाली माती नाहीच. माती ट्रकने येते, गवत गुंडाळी करून येतं आणि चटईसारखं पसरतात. पाणी समुद्राचंच, कारखान्यात गोडं केलेलं. तरी खालून मीठ चढतं आणि झाडं मरतात. मग पाहुणे उठायच्या आत मेलेलं झाड उपटायचं आणि त्याच खड्ड्यात दुसरं लावायचं. ‘मेलेलं झाड कुणाला दिसता कामा नये, अशी ऑर्डर आहे.’

‘पण वाचवता येत नाही का एखादं?’

‘वाचवायला वेळ लागतो, क्लोटी. बदलायला लागत नाही.’

३ जुलै

आज त्याला सुट्टी होती. कुणाच्या तरी गाडीतून अख्खा देश बघून आला — सकाळी निघाला, जेवायला परत! मध्ये एक छोटा डोंगर, त्याच्या पायथ्याशी जुन्या तेलविहिरी. तेल आता थोडंच उरलंय म्हणे. ॲल्युमिनियमचा कारखाना, बँका आणि हॉटेलं यांवर चाललंय. सुट्टी लागली की सौदीहून पुलावरून गाड्यांची रांग येते. ते लोक गाडीतून उतरतात आणि काचेच्या दारातून आत जातात. बागेत कुणी बसत नाही. हवा इतकी दमट की उभ्या उभ्या शर्ट भिजतो. वर धुळीचं वादळ.

‘मग बाग कशाला?’ मी विचारलं.

‘खोलीच्या खिडकीतून दिसावी म्हणून.’

माझ्या व्हिसाचं विचारलं. ‘बघतोय.’

१९ जुलै

‘बघतोय.’

७ ऑगस्ट

आज खरं सांगितलं. व्हिसा मिळणार नाही. कागदावर तो फोरमन नाहीच, नुसता माळी. त्या पगारावर बायको आणता येत नाही. पोचल्या दिवशीच कळलं होतं त्याला! एवढे दिवस मला झऱ्यांच्या गोष्टी सांगत बसला.

मी ओरडले. फोनच्या दुकानातले सगळे बघायला लागले. तो म्हणाला, ‘सहा जण राहतो एका खोलीत. तू इथे नसलेलीच बरी.’

फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. त्याला जेवलास का, हेही विचारलं नाही.

१६ ऑगस्ट

बुलडोझर आला. आंबे पडायला फार वेळ लागला नाही. मुळं अगदी वरवरची निघाली. खाली खारं पाणी असेल तर खोलवर जाणार कशी? मी खिडकी लावून घेतली, पण आवाज येत होताच.

टेरेन्सला सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

२ सप्टेंबर

अर्बाब म्हणाला, आता आणखी थांबता येत नाही. टेरेन्सचा इथला व्हिसा रद्द, म्हणजे त्याच्यावरचा माझाही. बागेतली ही खोलीही पाडणार.

क्लिफर्डला फोन केला. इमारतीचं काम बंद पडलंय, बिल्डर कोर्टात. ‘वहिनी, आम्हीच भाड्याच्या खोलीत आहोत.’ लिनेटला फोन केला तर तीच मला धीर देत होती — ‘मम्मी, माझा कोर्स होऊ दे, मग मी बघते.’ पोर किती मोठी झाली. मी नीट बोललेसुद्धा नाही.

१३ सप्टेंबर

रोझरी म्हणताना मध्येच विसरले, कुठल्या मण्यावर होते ते.

२० सप्टेंबर

जमिला स्वतः आली! बसली, पाणी प्यायली, म्हणाली, ‘मेरे पास रह जा. मैंने बात कर ली है. काग़ज़ पे कामवाली लिखना पड़ेगा, और कोई रास्ता नहीं. सिर्फ़ काग़ज़ पे.’ पगारही देईल, म्हणजे लिनेटचं भागेल. तिच्या गळ्यात पडले. या जगात माझं कुणीतरी आहे!

टेरेन्सला फोन केला.

‘कागदावरच ना?’

‘हो रे.’

‘मग ठीक आहे,’ म्हणाला. आणि रडायला लागला. लग्नानंतर पहिल्यांदा त्याला रडताना ऐकलं, तेही फोनवर.

४ ऑक्टोबर

पासपोर्टवर शिक्का बसला. सामान म्हणजे दोन बॅगा आणि शिवणयंत्र. जमिलाच्या घरामागे छोटी खोली आहे, पंखा आहे. तिच्या धाकटीने भिंतीवर चित्र लावून ठेवलं होतं माझ्यासाठी.

११ ऑक्टोबर

आज जमिलाकडे मस्कतचे पाहुणे. मी ताट घेऊन नेहमीसारखी बैठकीतून आत निघाले. जमिला उठून आली, दारातच मला थांबवलं. माझ्याकडे बघितलं नाही. हळूच म्हणाली, ‘क्लोटिल्डा, पीछे के दरवाज़े से.’

मी मागच्या दाराने गेले.