सासूबाईंच्या भावाची स्लाइस

मी, सुरेखा याकोब लेविन, माहेरची किहीमकर, बेने इस्रायल, वय एकोणसत्तर, राहणार ईस्ट कोस्ट, सिंगापूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे लिहिते. माझ्या मुलाला, रोहनला, मराठी वाचता येत नाही. मुलीने, ऋताने, त्याला वाचून दाखवावे. मधले गाळू नये.

१. फ्लॅट आणि बँकेतले सर्व दोघांना निम्मे निम्मे. भांडायचे असल्यास खिडक्या लावून भांडावे.

२. मलिद्याच्या प्रार्थनेचे ताट ऋताला. माझा स्टीलचा डबा २०११ पासून मावसबहीण क्षिप्राकडे आहे. तो मी तिलाच देते, म्हणजे आता लपवायला नको.

३. माझ्या सासूबाई हाना युद्धकाळात पोलंडमध्ये, नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वूजच्या घेट्टोत, एका खोलीत चौघांसह राहिल्या. माणशी आठवड्याला एक पाव. त्यांची आई प्रत्येकाच्या पावावर सुरीने खूण करी. दुसऱ्याच्या पावाला हात लावायचा नाही. एका दुपारी बारा वर्षांच्या हानाने धाकट्या भावाच्या, दाविदच्या, पावाची स्लाइस खाल्ली. "चोरटी! आईला सांगतो," तो म्हणाला. सांगितले नाही. त्याच आठवड्यात दहा वर्षांखालच्या मुलांना नेले. दाविद आठ वर्षांचा होता.

पुढे आयुष्यभर सासूबाईंनी प्रत्येक पावाची पहिली स्लाइस बाजूला ठेवली. १९८८ साली मी ती शिळी म्हणून इमारतीच्या कचरा टाकायच्या नळीत टाकली. एकोणीस दिवस अबोला. विसाव्या दिवशी म्हणाल्या, "तू शिळं नाही टाकलंस, सुरेखा. माझ्या भावाचं टाकलंस." मग सगळे सांगितले आणि हे पुढे चालवण्याचे वचन घेतले.

त्या गेल्याला पंधरा वर्षे झाली. स्लाइस मी ठेवते आणि संध्याकाळी मैनांना घालते. इथे पक्ष्यांना खायला घालण्याला दंड आहे, हे मला ठाऊक आहे.

परवा ऋता तिच्या सिंगापुरी थाटात म्हणाली, "मम्मी, मुंग्या येतात लाह. आणि तुझ्यानंतर हे मी करायचं? प्लीज, प्रॉमिस मागू नकोस."

४. उत्तर असे, की करू नये. वचन मी मोडते आहे. दोष माझा, मुलांचा नाही. माझ्यामागे येणाऱ्या पहिल्या शुक्रवारी दोघांनी एक पाव आणावा, पहिली स्लाइस कापावी, लोणी सढळ हाताने लावावे आणि दाविदचे नाव घेऊन ती खाऊन टाकावी. मोठा तुकडा रोहनला. तो धाकटा आहे. ऋताने यावर काही बोलू नये.

सही: सुरेखा लेविन
साक्षीदार: स्मिता परांजपे, प्रबोध परांजपे, शेजारी. यांना या कागदातून काही मिळत नाही. चहा मिळाला.
सिंगापूर, १२ मार्च २०२५